घरांचे उष्णतानिरोधन

बाहेरची उष्णता घरात येऊ नये किंवा घरातील उष्णता बाहेर जाऊ नये, यासाठी छप्पर, भिंती व खिडक्या यांच्या रचनेत केलेल्या योजनेस उष्णतानिरोधन म्हणतात. उष्णता वहन, अभिसरण व प्रारण अशा तीन मार्गांनी प्रवास करते. स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असल्याने बहुतेक निरोधक द्रव्ये म्हणजे बारीक पोकळ्यांत कोंडलेली हवाच होय. थंड देशांत आतील ऊब टिकविणे हा निरोधनाचा मुख्य हेतू असतो. महाराष्ट्रात तो उलट, म्हणजे उन्हाचा ताप बाहेर ठेवण्याचा आहे. हे काम येथे शतकानुशतके घराच्या बांधणीतच सामावलेले होते. विसाव्या शतकात ते बांधणीतून वगळले गेले व पुढे विजेच्या साहाय्याने भरून काढावे लागले.

पारंपरिक घरे : सोलापूर व मराठवाडा भागांतील माळवद आणि खानदेश व विदर्भ यांतील धाब्याचे घर ही जड निरोधनाची उदाहरणे आहेत. तुळयांवर किलचण, त्यावर पाला वा गवत व वर खाऱ्या मातीचा जाड थर अशी माळवदाची रचना असते. दुपारी वर पडलेली उष्णता आत उतरण्यास काही तास लागतात. ती पोहोचते तेव्हा सूर्य मावळलेला असतो व माणसे उघड्यावर निजावयास गेलेली असतात. धूर व उजेड यांसाठी ठेवलेले सवणे तापलेल्या हवेलाही वाट देते. दिवसरात्रीच्या तापमानांत मोठा फरक असलेल्या कोरड्या हवेत ही रचना उत्तम ठरते.

कोकणात हा फरक कमी व दमटपणा अधिक असल्याने वेगळी पद्धत विकसित झाली. जांभ्या दगडाच्या भिंती किंवा कारवीचे कूड, उतरते छप्पर, भिंतीवर ऊन पडू न देणारी पडवी आणि छपराखाली माळा अशी तिची अंगे होत. माळ्यावरील पेंढा हा नकळत निरोधकाचेच काम करी. गवताने शाकारलेले छप्पर उत्कृष्ट निरोधक होते. परंतु त्याला आगीचे भय असे व त्याची शाकारणी पुनःपुन्हा करावी लागे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. तेथील पद्धतीची मंगलोरी कौले कोकणात सर्वत्र पसरली व नळीची कौले मागे पडली. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा निसटत असल्याने दमट हवेत ती सोयीची ठरली.

पत्रा व काँक्रीट : पन्हळी लोखंडी पत्र्याचे एकस्व इंग्लंडमध्ये हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये घेतले. हलका, टिकाऊ व स्वस्त असल्याने पत्रा भारतातही रूढ झाला; मात्र त्याला उष्णतारोध जवळजवळ नसतोच. प्रबलित काँक्रीटने मुंबईतील घरांची जडणघडण आणखी बदलली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने कामगारांसाठी बांधलेल्या बी. डी. डी. चाळी काँक्रीटच्याच होत्या. काँक्रीटच्या सपाट छतामुळे मजल्यावर मजला चढविता आला व आगीचे भय कमी झाले; पण माळा, पडवी व हवेची वाट या तिन्ही गोष्टी गेल्या. गच्चीवर घातला जाणारा विटांच्या तुकड्यांचा कोबा मुख्यतः गळतीसाठी असतो. त्याने उष्णतेस थोडासाच अडथळा होतो.

याच काळात अन्यत्र खास निरोधक द्रव्ये प्रचारात आली : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत खनिज लोकर, १९२० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये वातयुक्त काँक्रीटचे ठोकळे, १९३० नंतर अमेरिकेत काचलोकर व १९५० च्या सुमारास पॉलिस्टायरिनाचा फेस. यांपैकी वातयुक्त ठोकळे मुंबईत ‘सिपोरेक्स’ या व्यापारी नावाने परिचित झाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर यूरोपीय देशांनी घरांच्या निरोधनाचे नियम कडक केले. भारतात मात्र घर थंड राखणे ही बराच काळ रहिवाशाची खाजगी बाब मानली गेली.

जुईनगर : महाराष्ट्र शासनाने मार्च १९७० मध्ये स्थापन केलेल्या सिडको या महामंडळाने नवी मुंबई वसविली. चार्ल्स कोरिया हे तिचे पहिले मुख्य वास्तुशिल्पज्ञ. त्यांच्या बेलापूर येथील वसाहतीत (१९८३–८६) उतरत्या कौलारू छपरांची बैठी घरे व सामाईक अंगणे आहेत. सिडकोची बहुतेक घरे मात्र खर्चाच्या मर्यादेत, सपाट काँक्रीट छताच्या कमी मजल्यांच्या इमारतींत बांधली गेली. लोहमार्ग १९९२ मध्ये वाशीपर्यंत व १९९३ मध्ये बेलापूरपर्यंत आला. या मार्गावर सानपाडा व नेरूळ यांच्या दरम्यान असलेल्या जुईनगरात अशा इमारती पुष्कळ आहेत.

जुईनगर सु. १९° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही डोक्यावर येतो. मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही. पूर्व व पश्चिम भिंतींवर काही तास, तर गच्चीवर दिवसभर पडते. म्हणून कमी मजल्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावरील कुटुंब व खालची कुटुंबे यांच्या सुखसोयीत मोठे अंतर पडते. आतील व बाहेरील तापमानांत १° से. फरक असता १५ सेंमी. जाडीच्या उघड्या काँक्रीट छतातून दर चौ.मी.ला सु. ३.३ वॉट उष्णता वाहते. त्यावर ५ सेंमी. जाडीचा पॉलिस्टायरिनाचा थर दिल्यास ती ०.६ वॉटपर्यंत उतरते. तापलेले छत अंगावर प्रारण करते व पंखा तेथलीच गरम हवा खाली ढकलतो; म्हणून रात्रीदेखील आराम मिळत नाही.

नवी मुंबईत अनेक इमारतींच्या गच्चीवर पत्र्याचे छप्पर उभारलेले दिसते. ते गळती थांबविण्यासाठी घातलेले असले, तरी पत्रा व गच्ची यांमध्ये हवा खेळत असल्याने गच्चीला सावली मिळते व ताप उतरतो. माळ्याचे जुने तत्त्वच येथे वेगळ्या रूपात परतले आहे. पांढरा परावर्तक लेप हा याहून स्वस्त उपाय होय. परंतु कोकणातील पावसात शेवाळ व धूळ यांनी तो काळवंडतो आणि शाकारणीप्रमाणेच वेळोवेळी नवा करावा लागतो. निरोधक थर घालावयाचा झाल्यास तो ओला होणार नाही याची काळजी आवश्यक असते. सच्छिद्र द्रव्यात पाणी शिरले की त्याचा उपयोग संपतो. म्हणून आधी गळती बंद करणे हाच योग्य क्रम होय.

नियमन : ऊर्जा संधारण अधिनियम २००१ मध्ये झाला. इमारतींविषयीची २००७ ची संहिता व्यापारी इमारतींपुरती होती. निवासी इमारतींसाठीची इको-निवास संहिता डिसेंबर २०१८ मध्ये आली. तीत छतातून वाहणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौ.मी.ला व दर अंश फरकाला १.२ वॉट ठरविण्यात आली. भिंती व खिडक्या यांतून येणाऱ्या एकूण उष्णतेसही मर्यादा घालण्यात आली. उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान एक-षष्ठांश असावे, अशीही तरतूद तीत आहे. केवळ उष्णता अडविल्याने घाम वाळत नाही, हे कोकणी घराचे सूत्र येथे नियमात उतरले आहे. वातानुकूलित खोलीची गोष्ट वेगळी. तेथे फटी बंद असल्या तरच वीज वाचते.

ही संहिता नव्या इमारतींसाठी आहे. उभ्या असलेल्या घरांचा प्रश्न तिने सुटत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची सामाईक असते. निरोधनाचा खर्च सर्वांनी करावयाचा व प्रत्यक्ष लाभ बहुतांशी वरच्या मजल्यास, ही अडचण तांत्रिक नसून सामाजिक आहे. पुनर्विकासात उंच इमारती आल्या की गच्चीचा वाटा घटतो आणि पश्चिमेची भिंत व काच यांचे महत्त्व वाढते. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांजवळ मात्र यांपैकी फारच थोडे उपाय असतात. वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता बाहेर टाकते व शेजारच्या हवेत भर घालते. सावली, वायुवीजन व निरोधन यांनी ती मुळातच अडते. म्हणून घर थंड राखण्याच्या उपायांत यांचा क्रम यंत्राच्या आधी लागतो.