दुनळी रायफलीवरील आकडा

जुन्या ब्रिटिश दुनळी रायफलींचे संग्राहक त्यांच्या कोरीवकामावर आणि अक्रोडाच्या दस्त्यावर लुब्ध असतात. दोन्ही नळ्यांचा नेम एकाच ठिकाणी लागावा म्हणून कारागीर गोळ्या झाडून पाही, नळ्यांमधील पाचर किंचित सरकवी आणि पुन्हा झाडून पाही. हे कौशल्य आम्हांसही वंद्य वाटते. तथापि या शस्त्राचा इतिहास आम्ही त्यावरील आकड्यात वाचतो. १८९८ मध्ये रिग्बी यांनी ४५० बोअरचे, म्हणजे ०.४५ इंची, कॉर्डाइटचे काडतूस आणले आणि मोठ्या शिकारीत ते रूढ झाले. परंतु मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा बोअरही तोच होता. तिला बंडखोरांच्या हाती गोळ्या मिळू नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने ४५० ची आयात बंद केली. मग हॉलंड अँड हॉलंडने ४६५ काढले. ४७० आणि ४७५ ही रूढ झाले. मारकशक्ती जवळपास तीच राहिली, आकडा तेवढा बदलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात ती शिकारही सरली. उरलेल्या रायफलीची नक्षी जरूर न्याहाळावी. मात्र ४६५ या आकड्यापाशी थबकून राज्यकर्त्यांना वाटलेली प्रजेची भीतीही वाचावी.