मोठेपणी गिरवलेली इंग्रजी

हीरकमहोत्सवी स्मरणिकेत मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास लिहावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु गेल्या साठ वर्षांचा आढावा या अंकात अन्य अधिकारी लेखण्यांनी घेतलाच आहे. मला वाचकांचे लक्ष एका निराळ्या इतिहासाकडे वेधावयाचे आहे. तो इतिहास वय उलटल्यावर, संसार सांभाळीत, इंग्रजी वाचावयास शिकलेल्या मराठी स्त्रियांचा आहे. त्याची आठवण होण्यास निमित्त घडले ते आपल्याच शाळेच्या एका पालक भगिनीचे.

काही वर्षांपूर्वी पहिलीतल्या एका मुलीची आई शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत आली. हाती औषधांची पाकिटे होती. "बाई, यातले तापाचे कोणते नि खोकल्याचे कोणते, तेवढे सांगा," ती म्हणाली. मराठी ती उत्तम वाचीत असे. गावी सातवीपर्यंत शिकली होती. महाराष्ट्राबाहेरच्या या शहरात लग्न होऊन आल्यावर मात्र दुकानाच्या पाट्या, बँकेचे अर्ज, मुलाच्या तापाचे औषध, सारेच तिच्यापुढे मुके होऊन उभे राहिले. त्या दिवसापासून पहिलीच्या रिकाम्या वर्गात आम्ही काही आयांसाठी दुपारचा तास सुरू केला.

तो तास घेताना मला वारंवार पार्वतीबाई आठवले यांचे स्मरण होई. १८७० साली कोकणात देवरुख येथे जन्मलेल्या पार्वतीबाईंना विसाव्या वर्षी वैधव्य आले. त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले ते त्यानंतर, आणि तेही मराठीचे. त्यांची बहीण बाया ही मुंबईस पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या आश्रमाच्या कार्यात पार्वतीबाईंनी स्वतःस वाहून घेतले आणि गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. या भ्रमंतीत इंग्रजी न येण्याची उणीव त्यांना पदोपदी जाणवे. इथे राहून, कामाच्या रगाड्यात, ती भाषा येईना. तेव्हा १९१८ मध्ये, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, जेमतेम इंग्रजीच्या बळावर त्या अमेरिकेस गेल्या. तेथे परक्या घरांत घरकाम करून त्यांनी पोट भरले आणि भाषा शिकली. दोन वर्षांनी त्या परतल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना इंग्रजीच्या भीतीने आजही रात्रीची झोप लागत नाही, अशा पालकांनी ते अवश्य वाचावे.

पार्वतीबाईंच्या आधीच्या पिढीत दोन रमाबाई होऊन गेल्या. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली, अकराव्या वर्षी झाला. माहेरी मुलींना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी आधी मराठी शिकवले आणि मग इंग्रजी. मात्र नवरा शिकवतो म्हणून घर मान्य करते, असे नव्हते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे ऐकत, मान खाली घालून कामे उरकायची आणि मग पुस्तक उघडायचे, असा तो अभ्यास होता. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावे या मागणीचा इंग्रजी मजकूर गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भरसभेत रमाबाईंनी वाचून दाखवला आणि घरी आल्यावर त्याबद्दल बोलणी खाल्ली. १८८४ साली ते हायस्कूल, आजचे हुजूरपागा, सुरू झाले. पुण्याच्या मुलींची शाळा उघडण्यात एका सुनेच्या इंग्रजी वाचनाचा असा वाटा आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण त्याहून विलक्षण. संस्कृत त्या आईकडून शिकल्या आणि भ्रमंतीत देशी भाषाही अवगत केल्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली ती मराठीत. तेव्हा त्यांचे वय चोविशीचे होते. पुण्यात मिस हरफर्ड यांच्याकडे त्यांनी इंग्रजीचे धडे घेतले, १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत एवढी मजल! त्यांची बुद्धी असामान्य होती, हे खरेच. परंतु त्या बुद्धीला आधीच अनेक भाषांचा पाया लाभलेला होता, ही गोष्टही विसरता कामा नये.

मोठ्या माणसाला इंग्रजी वाचणे नेमके कोठे अडते? देवनागरी वाचणाऱ्याला आपली लिपी एक वचन देते: जे लिहिले तेच उच्चारावे. 'क' सर्वत्र 'क'च राहतो. काना, मात्रा, वेलांटी एकदा कळली की न ऐकलेला शब्दही वाचता येतो. इंग्रजी हे वचन पाळत नाही. सव्वीस अक्षरांनी चाळीसहून अधिक ध्वनी दाखवायचे, तेव्हा एकेका अक्षराला अनेक कामे करावी लागतात. 'पुट' आणि 'बट' या शब्दांत पहिले अक्षर तेवढे निराळे, पुढची दोन तीच. तरी उच्चार जुळत नाहीत. 'नाइफ'च्या आरंभी 'के' असते, पण बोलत नाही.

हा निव्वळ लहरीपणा नव्हे. त्यामागेही इतिहास आहे. एके काळी तो 'के' खरोखरच उच्चारला जाई. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला. छपाईमुळे शब्दांची रूपे हळूहळू ठरून गेली. बोलणे मात्र पुढे बदलत राहिले, स्वर तर फारच बदलले. म्हणजे इंग्रजी वाचणारा बऱ्याचदा चारपाचशे वर्षांपूर्वीचा उच्चारच डोळ्यांनी पाहत असतो. हे आमच्या वर्गातील आयांना सांगितले तेव्हा एक जण मोठ्याने हसली व म्हणाली, "म्हणजे चूक आमची नाही तर!" त्या एका वाक्याने तिची निम्मी भीती गेली, असे मला वाटते.

मराठीनेही या प्रवासात पावले टाकली आहेत. 'बॅट' आणि 'बॉल' यांतले स्वर आपल्या वर्णमालेत मुळात नव्हते. इंग्रजी शब्द नीट लिहिता यावेत म्हणून आपण 'ॲ' आणि 'ऑ' ही चिन्हे स्वीकारली. 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'ने तर मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांना मराठीच्या हाताला धरून इंग्रजीच्या दारात नेले. वाक्य मराठीत समजून घ्यायचे आणि मग ते इंग्रजीत उतरवायचे, ही तिची रीत. आज ती जुनी वाटेल. पण विद्यार्थ्याला जे येते तेथून आरंभ करावा, हे तिचे तत्त्व जुने झालेले नाही.

त्या तत्त्वाचा विसर मलाच पडला होता, हे येथे कबूल केले पाहिजे. आयांच्या तासाला आरंभी मी बालवर्गाचे चित्रांचे पुस्तक वापरले. सफरचंद, चेंडू, मांजर! तिसऱ्या दिवशी एक भगिनी येईनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले, तिच्या मुलाने तेच पुस्तक पाहून "आई, हे तर माझं आहे," म्हणून हसण्यावारी नेले होते. ती पुन्हा आली नाही. बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकलेल्या मला प्रौढाचा मान राखायला ती एक विद्यार्थिनी गमवावी लागली. त्यानंतर आम्ही पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून औषधाची पाकिटे, वीजबिल, बसच्या पाट्या, मुलांची प्रगतिपुस्तके वर्गात आणली. पार्वतीबाई परक्या स्वयंपाकघरात, हातातल्या कामासोबत भाषा शिकल्या होत्या. आमच्याही वर्गात गरज पुढे आणि धडा मागे, असा क्रम लागला आणि वर्ग टिकला.

आणखी एक गोष्ट दिसून आली. ज्या भगिनी मराठी सहज वाचीत, त्यांना इंग्रजी अक्षरे जुळवणे लवकर साधले. खुणेला ध्वनी असतो, ध्वनींचा शब्द होतो, शब्दाला अर्थ असतो, हे त्यांना एकदा कळलेले होते. नवी लिपी तेवढी शिकायची होती. ज्यांना कोणत्याच भाषेत वाचता येत नव्हते, त्यांना मात्र एकाच वेळी दोन डोंगर चढावे लागले. त्यांपैकी दोघींना आम्ही आधी मराठी वाचन शिकवले. वेळ अधिक लागला, पण तो वाया गेला नाही.

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत पालक मला विचारतात, "मराठी शाळेत घातले तर मुलाचे इंग्रजी मागे पडेल ना?" पटसंख्येचे आकडे पाहताना हा प्रश्न मलाही रात्री सतावतो. त्याला इतिहासाने दिलेले उत्तर असे, की ज्या स्त्रियांनी चुलीशी बसून, टोमणे सोसून, समुद्र ओलांडून इंग्रजी मिळवली, त्यांनी ती आपल्या भाषेच्या पायावर मिळवली. अर्थात आपल्या शाळेनेही इंग्रजी कसदार शिकवली पाहिजे. केवळ मातृभाषेचे गोडवे गाऊन ती जबाबदारी संपत नाही, आणि तेथे आम्ही कोठे कमी पडलो, हे माजी विद्यार्थ्यांनी आम्हांला निःसंकोच सांगावे.

ती औषधे घेऊन आलेली आई आज तिच्या वस्तीतल्या शेजारणींना पाकिटांवरील तारखा वाचून दाखवते. तिची मुलगी यंदा दहावीला आहे. दुपारचा तास अजून चालतो. ज्या माजी विद्यार्थिनींना आठवड्यातून एक दुपार देता येईल, त्यांचे त्या वर्गात मनःपूर्वक स्वागत आहे.