मानेचं ऑपरेशन: एका जुन्या भीतीचा इतिहास

आजचा भाग मानेवर आहे.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत हा प्रसंग येऊन गेला असेल, नाहीतर सध्या चालू असेल. चार-पाच वर्षं मान दुखते आहे. आधी उशी बदलून झाली, मग खुर्ची, मग कॉम्प्युटरची उंची. फिजिओथेरपी झाली, इंजेक्शनं झाली. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. शेवटी एमआरआय होतो आणि सर्जन सांगतात, "ऑपरेशनचा विचार करायला हरकत नाही." त्याच रात्री पुण्याला किंवा कोल्हापूरला फोन जातो आणि पलीकडून उत्तर येतं, "मानेला अजिबात सुरी लावू देऊ नकोस. अमक्याचं काय झालं माहीत आहे ना?"

एका कानात सर्जन, दुसऱ्या कानात आई. दोघांनाही तुमची काळजी आहे. मग इतका फरक का? मला वाटतं, या दोन सल्ल्यांच्या साली वेगळ्या आहेत. आईची भीती खोटी नाही, ती फक्त जुन्या काळातली आहे. आणि सर्जनचा विश्वास ज्या पद्धतीवर आहे, ती पद्धत बरीचशी इथे अमेरिकेतच घडली. आज तीच गोष्ट सांगतो. आम्ही डॉक्टर नाही. हा इतिहास आहे, वैद्यकीय सल्ला नाही.

भीतीपासूनच सुरुवात करू. न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनमध्ये एक इजिप्शियन पपायरस आहे. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने तो १८६२ मध्ये लक्झरला विकत घेतला, आणि १९३० मध्ये शिकागोच्या जेम्स ब्रेस्टेड यांनी त्याचं भाषांतर प्रसिद्ध केलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही प्रत आहे. तिच्यात जखमांची ४८ प्रकरणं आहेत, डोक्यापासून खाली उतरत जाणारी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वैद्याने निकाल द्यायचा: यावर उपचार करीन, याच्याशी झुंजून पाहीन, किंवा यावर उपचार करू नयेत. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडले असतील तर निकाल तिसरा. म्हणजे "मानेला हात लावू नका" हा सल्ला आपल्या आजीच्याही कितीतरी आधीचा आहे. मराठीत तरी "मान टाकली" याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

हा निकाल विसाव्या शतकातही फारसा बदलला नव्हता. ९ डिसेंबर १९४५ रोजी जर्मनीत मानहाइमजवळ जनरल जॉर्ज पॅटन यांच्या मोटारीला अपघात झाला. मान मोडली आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. त्यांच्यासाठी अमेरिकेहून ग्लेन स्पर्लिंग या नामांकित न्यूरोसर्जनना विमानाने हायडेलबर्गला नेलं. तेव्हाच्या अमेरिकन सैन्याला जे शक्य होतं ते सगळं हाताशी होतं. तरी उपचार म्हणजे मुख्यतः वजन लावून मान ताणून धरणं. २१ डिसेंबरला पॅटन गेले.

अर्थात पॅटन यांचा अपघात होता. तुमचं-आमचं दुखणं वेगळं, हळूहळू झिजण्याचं. आणि त्या दुखण्याचं तर फार दिवस नावच ठरलं नव्हतं. हात दुखतो, बोटं बधिर होतात, याला न्यूरायटिस म्हणायचं, संधिवात म्हणायचं, नाहीतर सरळ मनाचं दुखणं म्हणून टाकायचं. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बायरन स्टुकी यांनी मानेत मज्जारज्जूवर दाब देणाऱ्या कूर्चेच्या गाठींचं वर्णन केलं, पण त्यांना त्या गाठी ट्यूमर वाटल्या. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी दाखवून दिलं की ही नवीन वाढ नसते, तर दोन मणक्यांमधली गादी फुटून बाहेर आलेली असते. आपल्याकडे "गादी सरकली" किंवा "मणक्यात गॅप आहे" म्हणतात, त्यामागचं ज्ञान इथून सुरू होतं.

मग १९४३ चा मेम्फिसचा एक लेख आहे, तो मला सगळ्यात जास्त आवडतो. सेम्स आणि मर्फी या दोन सर्जननी फक्त चार रुग्णांची हकीकत छापली. चौघांचीही लक्षणं हृदयविकारासारखी होती. खरं कारण निघालं मानेत: सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधली गादी फुटून सातवी नस दबलेली. छातीत दुखतं म्हणून हृदयरोगी ठरलेल्या माणसाला "तुझं दुखणं खरं आहे, पण ते छातीत नाही" हे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्याला काय वाटलं असेल! वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाला दुखण्याइतकाच त्रास देते ती लोकांची शंका, हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. (उलटंही लक्षात ठेवा: छातीत दुखलं तर आधी हृदयच तपासून घ्यायचं.)

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, याच स्पर्लिंग यांनी विल्यम स्कोव्हिल यांच्याबरोबर मानेतल्या गादीवर लेख लिहिला. डॉक्टर तुमची मान दुखऱ्या बाजूला वाकवून डोक्यावर हलका दाब देतात आणि विचारतात, "कळ हातात जाते का?" ती तपासणी आजही स्पर्लिंग यांच्या नावाने ओळखली जाते. स्कोव्हिल म्हणजे तेच, ज्यांनी १९५३ मध्ये हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर त्या माणसाच्या नव्या आठवणी टिकेनाशा झाल्या. एकाच सर्जनच्या नावावर दोन इतक्या वेगळ्या गोष्टी.

आता मुख्य अडचण. तोपर्यंत मानेत जायचं ते मागून. पण गादी असते मज्जारज्जूच्या पुढे. बाजूला सरकलेला तुकडा मागून काढता येई, आजही काढतात. पण तुकडा मधोमध असेल तर तो काढायला मज्जारज्जू बाजूला सारावा लागे, आणि मानेतल्या मज्जारज्जूला तो धक्का सोसत नाही. हातपाय जाण्याची भीती इथली. "अमक्याचं काय झालं" या गोष्टींना त्या काळात आधार होता.

मग पुढून गेलं तर? पुढे तर श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी. ऐकूनच अंगावर काटा येतो. तरी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबर्ट रॉबिन्सन आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी तेच केलं. रॉबिन्सन हाडांचे सर्जन, स्मिथ न्यूरोसर्जन. १९५५ मध्ये त्यांनी छोटी टिपण छापली आणि १९५८ मध्ये सविस्तर लेख. गळ्यावर एका बाजूला छोटा छेद घ्यायचा. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका अंगाला सारायच्या, रक्तवाहिनी दुसऱ्या अंगाला. मधे आपोआप वाट मिळते, फार स्नायू कापावे लागत नाहीत. सगळी गादी काढायची आणि त्या रिकाम्या जागी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा. काही महिन्यांत दोन मणके जुळून एक होतात.

त्याच १९५८ साली हजारो मैलांवर होनोलुलूमध्ये राल्फ क्लॉवर्ड यांनी जवळपास हीच गोष्ट स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. हे क्लॉवर्ड पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा हवाई बेटांवरचे एकमेव न्यूरोसर्जन होते आणि त्या दिवसांत डोक्याला मार लागलेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. मोठ्या विद्यापीठापासून दूर बसलेला माणूस, हत्यारंही स्वतःच तयार करायचा. ते ड्रिलने गोल भोक पाडून त्यात हाडाची गोल खुंटी ठोकत, सुतार लाकडात बसवतो तशी. दोघांमधला मतभेद असा होता: रॉबिन्सन म्हणत, मणक्याच्या मागच्या बाजूला वाढलेली हाडाची टोकं काढायची गरज नाही, हालचाल थांबली की ती आपोआप विरतील. क्लॉवर्ड म्हणत, डोळ्यांनी बघून काढून टाका. या मुद्द्यावर सर्जन पुढेही वाद घालत राहिले.

आपल्याकडचा एक धागा इथे जुळतो. कमरेच्या मणक्यांमध्ये हाड बसवून ते जुळवण्याची एक पद्धतही क्लॉवर्ड यांचीच, आणि ती भारतात रुजवण्यात मुंबईच्या डॉ. प्रेमानंद रामाणींचा मोठा वाटा आहे. रामाणी मूळचे गोव्याचे. त्यांचं 'ताठ कणा' हे आत्मचरित्र इथल्याही काही घरांत असेल.

पुढून केलेल्या ऑपरेशनचीही किंमत होतीच. पहिली तक्रार गमतीशीर वाटेल: मान बरी झाली, पण जिथून हाड काढलं ती कंबर दुखते! म्हणून पुढे दात्याचं हाड किंवा कृत्रिम पिंजरा वापरायला लागले, वर धातूची पट्टी आणि स्क्रू आले. दुसरी अडचण गळ्याची. काही दिवस गिळायला त्रास होतो, आणि स्वरयंत्राकडे जाणारी बारीक नस ताणली गेली तर आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो, काहींचा नाही. आम्ही रेडिओवाले हे वाक्य जरा जपूनच वाचतो. तुम्ही गात असाल, शिकवत असाल, तर सर्जनला हे आधी सांगा. हाड लवकर जुळावं म्हणून काही ठिकाणी एक प्रथिन वापरलं जात होतं. मानेसाठी त्याला मान्यताच नव्हती. गळा सुजून श्वास कोंडल्याच्या घटना कळल्यावर २००८ च्या जुलैमध्ये एफडीएने त्याबद्दल इशारा दिला. म्हणजे नवीन ते सगळं चांगलं, असंही नाही.

आता एमआरआयकडे येऊ. १९९० मध्ये अमेरिकेतल्या स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी मानेचा काहीच त्रास नसलेल्या ६३ लोकांचे एमआरआय काढले. चाळिशीच्या आतल्या १४ टक्के आणि चाळिशीच्या पुढच्या २८ टक्के लोकांत मोठा दोष दिसला. गादी झिजलेली तर चाळिशीनंतरच्या जवळजवळ ६० टक्के लोकांत होती. आणि ही सगळी माणसं ठणठणीत! रिपोर्टमधले लांबलचक शब्द वाचून रात्रभर जागणाऱ्यांसाठी हा आकडा. चित्रात दिसतंय म्हणजे दुखण्याचं कारण तेच, असं नाही. हाताची कळ, बधिरपणा आणि चित्रातली दबलेली नस एकमेकांशी जुळायला हवी.

जुळली तरी घाई असतेच असं नाही. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये ८१ रुग्णांचे तीन गट केले: काहींचं ऑपरेशन, काहींना फिजिओथेरपी, काहींना मानेचा पट्टा. सुरुवातीचे काही महिने ऑपरेशनवाले पुढे होते. वर्षभरानंतर वेदनेत तिन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. ऑपरेशनने लवकर सुटका मिळते, आणि ज्याची झोप उडाली आहे त्याच्यासाठी लवकर या शब्दाला मोल आहे. पण वाट पाहणारा मूर्ख नसतो. शिवाय दोन मणके जुळवले की शेजारच्या गाद्यांचं काय? क्लीव्हलँडच्या हेन्री बोलमन यांच्या रुग्णांचा १९९९ मध्ये हिशेब लागला: ३७४ रुग्ण, शेजारच्या जागी नवा त्रास वर्षाला सुमारे २.९ टक्के, दहा वर्षांत साधारण चारातल्या एकाला. यात ऑपरेशनचा दोष किती आणि वयाचा किती, यावर वाद आहे. त्याच काळजीतून हलणारी कृत्रिम गादी आली; मानेसाठी पहिलीला एफडीएची मान्यता २००७ मध्ये मिळाली.

पण एका बाबतीत थांबू नये, आणि इथे आईचा सल्ला खरंच नुकसान करू शकतो. १९५२ मध्ये इंग्लंडच्या रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी मानेच्या झिजेमुळे नसच नव्हे, मज्जारज्जूही दबतो हे नीट मांडलं. (आडनाव ब्रेन, आणि लेख छापला 'ब्रेन' नावाच्याच नियतकालिकात!) यात कधीकधी फार दुखतही नाही. शर्टाची बटणं लागत नाहीत. साडीच्या निऱ्या हातातून सुटतात. अक्षर बिघडतं, पेटीवर बोटं अडखळतात, जिना उतरताना भिंतीचा आधार लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. बऱ्याचदा ही ओळख उशिरा पटते, आणि गेलेली ताकद ऑपरेशननंतर पूर्ण परत येईलच असं नसतं. तिथे ऑपरेशन मुख्यतः पुढची घसरण थांबवण्यासाठी असतं. भारतातून आलेल्या आईवडिलांकडे या नजरेने एकदा बघा. फोनवर चालण्यातला फरक दिसत नाही.

आणि ज्यांची फक्त मानच दुखते, हातात कळ नाही, ताकद शाबूत? तिथे सर्जनच बहुधा हात आखडता घेतात, कारण या ऑपरेशनचा जोर दबलेली नस सोडवण्यात आहे. नुसत्या मानदुखीत त्याची खात्री कमी. अशा माणसांसाठी दुसरा अमेरिकन डॉक्टर आठवतो, जॉन बोनिका. इटलीत जन्मलेला, वैद्यकीय शिक्षणाच्या खर्चासाठी बुरखा घालून कुस्त्या खेळणारा भूलतज्ज्ञ. त्या कुस्त्यांनी शरीर खिळखिळं झालं, पुढे अनेक ऑपरेशनं झाली, आणि तो आयुष्यभर वेदनेत राहिला. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टन राज्यातल्या सैनिकी रुग्णालयात त्याने पाहिलं की जखम भरूनही सैनिकांचं दुखणं संपत नाही, आणि एकट्या डॉक्टरला ते सुटत नाही. १९५३ मध्ये त्याने वेदनेवर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि पुढे सिअ‍ॅटलला भूलतज्ज्ञ, सर्जन, मानसोपचारतज्ज्ञ असे सगळे एकत्र बसून एकाच रुग्णाचा विचार करतील असं केंद्र उभारलं. आज तुमच्या गावात पेन क्लिनिक आहे, त्याचं मूळ तिथे. तिकडे पाठवलं म्हणजे "तुमचं दुखणं मनाचं आहे" असं कुणी म्हणत नाहीये.

तर पुढच्या वेळी सर्जनकडे जाल तेव्हा कागदावर लिहून न्या: माझी नस दबली आहे की मज्जारज्जू? थांबलो तर काय बिघडेल? पुढून जाणार की मागून, आणि का? जुळवणार की कृत्रिम गादी? हाताची कळ जाईल हे समजलं, पण मानेचं दुखणं किती राहील? आणि जमलं तर त्या वेळी आईलाही फोनवर घ्या. वेळेचा फरक आहे, पण ती जागी राहील.

आजच्यापुरतं इतकंच. मान सांभाळा. नमस्कार.