काडीमोडीपासून वकीलपत्रापर्यंत

महाराष्ट्रातल्या अनेक जातींमध्ये नवरा-बायकोची फारकत जातीच्या पंचांसमोर होत असे. विवाह मोडल्याची खूण म्हणून काडी मोडली जाई आणि त्यावरूनच ‘काडीमोड’ हा शब्द भाषेत रुळला. नवऱ्याने लिहून दिलेल्या कागदाला सोडचिठ्ठी म्हणत. ती हाती आली की बाईला पाट लावायची, म्हणजे पुन्हा लग्न करायची, मोकळीक मिळे. पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च दुसऱ्याने भरून द्यावा, असाही रिवाज पुष्कळ ठिकाणी होता. ब्राह्मण आणि तत्सम जातींत मात्र ही वाट बंद होती. तिथे विवाह हा न सुटणारा संस्कार मानला जाई आणि टाकलेली बाई जन्मभर टाकलेलीच राही. कंपनी सरकारच्या हुकुमावरून आर्थर स्टील याने दख्खनमधल्या जातींचे रिवाज गोळा केले. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या चालींची नोंद सापडते.

या व्यवस्थेत वकिलाला जागा नव्हती. पेशवाईत ‘वकील’ म्हणजे परदरबारी ठेवलेला राजकीय प्रतिनिधी. दिल्लीत पेशव्यांची वकिली सांभाळणारे हिंगणे घराणे त्यासाठीच प्रसिद्ध आहे. न्यायाच्या पंचायतीत वादी-प्रतिवादी स्वतः उभे राहत, आपापली तक्रीर, म्हणजे म्हणणे, लिहून देत आणि पंचांचा निर्णय मान्य करू असा राजीनामा करत. निकालानंतर जिंकणारा सरकारात ‘हरकी’ नावाची रक्कम भरी, हरणारा ‘गुन्हेगारी’ नावाचा दंड. कज्जा ऐकणारी माणसे गावातली किंवा जातीतलीच असल्याने घराची हकीकत त्यांना अगोदरच ठाऊक असे. त्यामुळे निवाडा झटपट होई, पण बाईची बाजू बहुधा बाप, भाऊ किंवा दीर मांडत. घरातले पुरुष विरोधात गेले, तर तिच्या वतीने बोलणारे कोणी उरत नसे.

१८२७ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याची नियमावली जारी झाली. तिने अदालतींमध्ये सनदी वकिलांची व्यवस्था लावून दिली आणि त्याचबरोबर जातीच्या प्रश्नांत दिवाणी अदालतींनी हात घालू नये असेही बजावले. त्यामुळे काडीमोड पुढेही पंचांकडेच राहिली. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाल्यावर चित्र पालटू लागले. नवऱ्याची संमती नसताना जातीने विवाह रद्द ठरवला किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी दिली, तर ती आपण मानणार नाही, असे या न्यायालयाने १८७६ च्या एका निवाड्यात स्पष्ट केले. जातीची परवानगी पुरेशी आहे असे प्रामाणिकपणे वाटत होते, हा बचावही त्याने नाकारला. तिकडे दंडसंहितेच्या ४९४ व्या कलमाखाली द्विविवाहाला सात वर्षांपर्यंत कैद होती. पंचांच्या शब्दावर पाट लावणारी बाई अशा रीतीने फौजदारी आरोपी ठरू शकत होती. घरचा वाद घेऊन वकिलाकडे जाण्याची गरज मुख्यतः या पेचातून निर्माण झाली.

मुंबईत पारशी समाजाने या बाबतीत आधीच पाऊल टाकले होते. १८५५ मध्ये त्यांनी कायदेविषयक मंडळ काढले आणि दहा वर्षांच्या खटपटीतून १८६५ चा पारशी विवाह व घटस्फोट कायदा घडवून आणला. त्यासाठीच्या खास न्यायालयात न्यायाधीशासोबत समाजातले निवडक प्रतिनिधी बसत. अशा प्रकारे जुनी पंचायत आणि नवे कोर्ट एकाच छपराखाली आले. ख्रिस्ती दांपत्यांसाठी १८६९ चा कायदा झाला. हिंदूंसाठी मात्र घटस्फोटाचा कायदा नव्हता. त्यांच्यापुढे कोर्टाचे एकच दार उघडे होते आणि त्यातून प्रामुख्याने नवरेच आत शिरत होते. हे दार म्हणजे बायकोने नांदायला यावे म्हणून करायचा दावा.

या दाव्याने रखमाबाईचे नाव देशभर पोचवले. १८६४ मध्ये जन्मलेल्या रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झाले, पण ती आईबरोबर सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिली आणि तिथेच शिकली. मार्च १८८४ मध्ये दादाजीने तिला पाठवून द्या अशी नोटीस वकिलामार्फत धाडली. तिचे उत्तरही वकिलामार्फतच गेले. संसार कधी सुरूच झाला नाही, संमती देण्याचे वय नसताना लग्न लावले, नवऱ्याची प्रकृती आणि मिळकत नांदण्याजोगी नाही, असे तिचे म्हणणे होते. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. कधी सुरूच न झालेला संसार पुन्हा सुरू करायला लावता येत नाही, हा त्यांच्या निर्णयाचा गाभा होता. १८८६ मध्ये अपिलात तो निर्णय फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी महिनाभरात नांदायला जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी असा हुकूम दिला. रखमाबाईने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. जुलै १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. तिची बाजू लढवणाऱ्यांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. तडजोडीच्या पुढच्याच वर्षी ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

या खटल्याचा सामाजिक गदारोळ सर्वश्रुत आहे. टिळकांनी रखमाबाईविरुद्ध कडाडून लिहिले, समाजसुधारक मलबारींनी तिची पाठराखण केली. त्या गदारोळात खर्चाची बाजू मागे पडते. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत कागदपत्रे सॉलिसिटर तयार करी आणि युक्तिवाद बॅरिस्टर करी. म्हणजे एका दाव्याला दोघांची फी. रखमाबाईच्या मागे डॉक्टरांचे घर होते, सहानुभूतीदारांनी तिच्यासाठी समितीही उभारली होती. असा आधार नसलेल्या बाईला तोच लढा चार वर्षे चालवणे शक्य नव्हते. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद मात्र १९२३ पर्यंत टिकून होती.

योगायोगाने त्याच १९२३ साली स्त्रियांना वकिली करायला असलेली आडकाठी कायद्याने दूर झाली. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती, पण वकिलीचा अधिकृत हक्क मिळायला जवळजवळ तीस वर्षे गेली. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणजे मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम. १९३६ च्या नव्या पारशी विवाह कायद्याच्या घडणीत त्यांनी भाग घेतला.

हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा करण्यात सयाजीराव गायकवाडांचे बडोदे संस्थान पुढे होते. तिथे तो १९३१ मध्येच झाला. गोव्यात पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा १९१० चा घटस्फोट कायदा लागू झाला होता. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विविवाहाला बंदी केली आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा संमत केला. द्विविवाहबंदीला आव्हान मिळाले, तेव्हा १९५१ मध्ये न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी ती वैध ठरवली. १८ मे १९५५ रोजी देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला. त्यात परस्पर संमतीच्या घटस्फोटाची सोय १९७६ मध्ये झाली.

हिंदू विवाह कायद्याचे २४ वे कलम फारसे चर्चेत नसते, पण वकील लावण्याच्या दृष्टीने तेच कळीचे आहे. पुरेसे उत्पन्न नसलेल्या जोडीदाराला दावा चालू असतानाची पोटगी आणि दाव्याचा खर्च, दोन्ही दुसऱ्या बाजूकडून मागता येतात. नवरा-बायको दोघांनाही हा हक्क आहे. २००१ च्या दुरुस्तीने असा अर्ज नोटीस पोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे सांगितले. रखमाबाईच्या काळी ज्या खर्चाने बाई कोर्टाच्या पायरीवरच अडली असती, त्यावर कायद्याने दिलेला हा ठोस उतारा होय.

पुढचा प्रश्न उलट दिशेने आला. घरच्या भांडणात वकील हवाच का? दिवाणी कोर्टातल्या तारखा आणि उलटतपासण्या यांनी संसार आणखी विस्कटतो, असे स्त्री-संघटनांसह अनेकांचे मत होते. त्यातून १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा झाला. त्याच्या १३ व्या कलमानुसार पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालये सुरू झाली. तिथे पक्षकारांची गाठ समुपदेशकाशीही पडते. ती व्यक्ती समेट होतो का, निदान मुलांच्या ताब्यावर आणि पोटगीवर एकमत होते का, हे पाहते.

व्यवहारात वकिलाला दूर ठेवणे जमले नाही. अर्ज कसा लिहायचा, कोणता कागद पुरावा ठरतो, साक्षीदाराला काय विचारायचे, हे न शिकलेल्या बाईला एकटीने पेलणारे नव्हते. शिकलेला, व्यवहारात मुरलेला नवरा समोर असला की वकील नसण्याची समानता कागदावरच राहते. मुंबई उच्च न्यायालयाने एका निवाड्यात ही अडचण ओळखली आणि परवानगी देताना उदार धोरण ठेवण्यास सांगितले. १९९१ च्या निवाडासंग्रहात तो प्रसिद्ध आहे. आज परवानगीचा अर्ज आणि वकीलपत्र बहुधा एकत्रच दाखल होतात. त्या निवाड्याच्याच सुमारास वकील फ्लेविया अ‍ॅग्नेस यांच्या ‘मजलिस’ या संस्थेने मुंबईत स्त्रियांच्या खटल्यांसाठी स्त्री वकिलांची फळी उभी केली.

वकीलपत्र म्हणजे आपल्या नावाने बोलण्याचा अधिकार अशिलाने सही करून वकिलाला दिलेला कागद. अशील तो काढून घेऊ शकतो आणि दुसरा वकील नेमू शकतो. फी थकली म्हणून वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवले. मिळणाऱ्या पोटगीत किंवा मालमत्तेत टक्केवारी ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाही. ज्यांना फी झेपत नाही, त्यांच्यासाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकिलाची सोय केली. हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, ही मदत मागता येते.

जुनी रीत मात्र पूर्ण पुसलेली नाही. १९५५ च्या कायद्याने रूढीनुसार झालेली फारकत मान्य ठेवली आहे आणि सोडचिठ्ठ्या आजही स्टँपपेपरवर लिहिल्या जातात. पण तशी रूढी त्या समाजात खरोखर चालत आली आहे, हे मांडून पुराव्याने सिद्ध करावे लागते. नुसता कागद पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. म्हणजे पंचांसमोर मोडलेली काडी खरी ठरवण्यासाठीही आता वकीलपत्र द्यावे लागते.