पोलादाचे भाडे

१९५६ साली केंद्र सरकारने पोलादाचे रेल्वेभाडे देशभर समान केले. तेव्हाच्या बिहारमधील जमशेदपूरचे पोलाद तेथे आणि मुंबईत एकाच भावाने मिळू लागले. म्हणजे जवळच्या गिऱ्हाइकाने दूरच्याचे भाडे उचलायचे! हेतू चांगला होता. उद्योग सर्वत्र पसरावेत. परंतु कापसाला हा नियम लागला नाही. बिहारला तो पुरे भाडे भरूनच आणावा लागे. त्या प्रांताच्या दारिद्र्याचे हे एकमेव कारण नव्हे. पण खाणीजवळ असण्याचा फायदा मात्र गेला. १९९२ साली हा नियम उठला. तोवर छत्तीस वर्षे लोटली होती.

आम्ही संघटनेत पगाराचे हिशेब पुष्कळ मांडले. हा हिशेब मांडला नाही. पोटासाठी आलेल्या बिहारी कामगाराला परका म्हणण्यापूर्वी तो मांडावा.