काड्यांची माणसे

गिरणीच्या भोंग्यावर ज्याच्या घरची जेवणे ठरत, त्याला लौरींची चित्रे समजावून द्यावी लागत नाहीत. माझे बालपण परळच्या चाळीत गेले. म्हणूनच इंग्लंडच्या या चित्रकाराचे ‘कमिंग फ्रॉम द मिल’ हे १९३० सालचे चित्र प्रथम पाहिले, तेव्हा मी जरा रागावलोच. धुराडी, गिरणीच्या खिडक्यांच्या रांगा, सारे ओळखीचे; पण माणसे? नुसत्या वाकलेल्या काड्या! कष्टकऱ्यांची ही थट्टा तर नव्हे?

पुढे या गृहस्थांची हकीकत वाचली. १८८७ साली मँचेस्टरनजीक जन्मलेले एल. एस. लौरी १९०९ पासून जवळजवळ चाळीस वर्षे पेंडलबरी या गिरण्यांच्या वस्तीत राहिले. आरंभी त्यांना तिचा तिटकाराच होता. १९१६ साली स्टेशनवर गाडी चुकली, समोर सूतगिरणी सुटलेली दिसली आणि त्या घटकेला आपल्याला विषय सापडला, असे ते सांगत.

गंमत अशी की, पोटासाठी ते घरभाडी वसूल करीत! १९१० ते १९५२, एकाच कंपनीत. चित्रकला शिकले ती संध्याकाळच्या वर्गांत. लोक हौशी चित्रकार म्हणतील या धास्तीने ते नोकरीची वाच्यता करीत नसत. १९३२ साली वडील वारले, आई अंथरुणाला खिळलेली. १९३९ साली ती जाईपर्यंत, तिचा डोळा लागल्यावर रात्री कुंचला हाती घ्यायचा, असा क्रम.

रंग पाचच: काळा, शेंदरी, निळा, मातकट पिवळा आणि पांढरा. चित्रे फार काळोखी आहेत असे एका समीक्षकाने म्हटले, तेव्हा त्यांनी पार्श्वभूमी पांढरी करून पाहिली. एक फळी पांढऱ्या रंगाने लिंपून कित्येक वर्षे बंद करून ठेवली. उघडली तेव्हा तो रंग सायीसारखा झाला होता. हवा होता तो नेमका हाच! त्या पांढऱ्यावर त्यांच्या माणसांची सावलीसुद्धा पडत नाही.

दारोदार भाडे मागत फिरलेल्या माणसाला चेहरे ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? पण दारातला तोच चेहरा पाळी सुटल्यावर गर्दीत शिरला की त्याची काडी होते. चाळीच्या गॅलरीतून माझे वडील मला कधी ओळखू येत नसत. हातातल्या डब्यावरून ओळखायचे.

१९६८ साली देऊ केलेला ‘सर’ हा किताब लौरींनी नाकारला. १९७६ साली ते वारले. फुटबॉलच्या सामन्याला निघालेल्या गर्दीचे त्यांचे १९५३ सालचे चित्र २०२२ मध्ये ७८ लाख पौंडांना विकले गेले. घेतले ते सॅल्फर्डच्या, त्यांच्याच नावाच्या कलासंस्थेने.