हिंगण्याची वाट

राजे कोणत्या घाटाने उतरले, फौजा कोणत्या खिंडीतून गेल्या, हे आपल्याला शाळेत पाठ करायला लावतात. पण कामाला निघालेला बाप आणि शाळेला निघालेली पोर सकाळी घरातून कशी बाहेर पडत, एका वाटेने किती दूर बरोबर जात, हे कुणी लिहून ठेवत नाही. पुण्यापुरते मात्र ते थोडेबहुत सांगता येईल.

१८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. शिकवायला घरच्याच सावित्रीबाई. म्हणजे नवराबायकोचे काम एकच आणि वाटही एकच. अंतर म्हणाल तर पेठांतलेच. पण तेवढ्या वाटेत सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडे, चिखल पडे, आणि शाळेत गेल्यावर नेसायला एक जादा लुगडे बरोबर न्यावे लागे. मला तर वाटते, लोकांना राग नुसता शिकवण्याचा नव्हता. एक बाई दिवसाढवळ्या, स्वतःच्या कामासाठी, रस्त्याने चालत जाते, याचाही होता.

पन्नासएक वर्षांनी धोंडो केशव कर्वे यांनी अशीच एक वाट तुडवली. विधवांसाठी १८९६ मध्ये काढलेला आश्रम १९०० साली गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. दिवसभर तिथे शिकवायचे, संध्याकाळी पायी हिंगणे गाठायचे, तिथल्या मुलींना शिकवायचे, आणि सकाळी पुन्हा पायी शहरात. एका खेपेला सुमारे चार मैल, आणि पावसाळ्यात नुसता चिखल. टांगा करता आला नसता का? आला असता; पण पैसा आश्रमाला हवा होता.

सायकल तोवर आपल्याकडे आलेली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात दुकान काढले ते सायकलींचेच, कारखाना मागाहून. पण ही विलायती वस्तू कारकुनाच्या आवाक्यातली नव्हती. स्वराज्य आल्यावर मद्रासेत १९४९ मध्ये टी. आय., सोनिपतला १९५१ मध्ये ॲटलास, लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो असे कारखाने निघाले, आणि सायकल मध्यमवर्गाच्या ओसरीवर आली. पुण्याला तर 'सायकलींचे शहर' हे नावच पडले.

आमच्याही ओसरीवर एक होती. वडील खडकीच्या कारखान्यात कामाला. सकाळी आम्ही तिघे एकदम निघायचो: वडील, थोरली बहीण आणि मी. दप्तरे कॅरिअरला, डबा हँडलला, आणि वडील सायकल हातात धरून आमच्याबरोबर पायी. दोघांना बसवून नेले असते तर चौकातला पोलीस 'डबलसीट' म्हणून उतरवायचा, आणि बिल्ला आहे का, दिवा आहे का, तेही बघायचा. त्या दहा मिनिटांत पाढे व्हायचे, भांडणे व्हायची, कधी नुसते गप्प चालणे. शाळेच्या कोपऱ्यावर वडील टांग टाकायचे आणि घंटी वाजवत दिसेनासे व्हायचे.

बहीण कॉलेजात गेली तेव्हा तिला लेडीज सायकल घेतली, जुनीच. पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "अहो, पोर हाताबाहेर जाईल." आई म्हणाली, "जाईल ना. चार मैल जायचंय तिला." आई स्वतः जन्मभर नऊवारीत, पायीच. नऊवारी मागे पडून पाचवारी रुळली यात सायकलीचा वाटा किती, हे कुणीतरी तपासून पाहायला हवे.

कर्व्यांच्या सूनबाई इरावतीबाई तर साठ सालाच्या आधीच स्कूटरवरून जात, आणि लोक वळून बघत. मग बजाजच्या स्कूटरी घरोघर आल्या. पिंपरी-चिंचवडकडे कारखाने वाढले, कामाची जागा पाच मैलांवरून पंधरावर गेली, आणि घरातली माणसे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या वाहनांत बसू लागली. यात कुणाला दोष द्यावा, मला कळत नाही. स्कूटर मीही हौसेने घेतली होती.

महापालिकेने २०१७ साली सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला. पूर्वीच्या हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, जुन्या सायकलींचे एक संग्रहालयही आहे. कर्वे रस्त्यावर २०२२ पासून डोक्यावरून मेट्रो जाते. त्याच रस्त्याच्या कडेने कधी मी नातवाला शाळेत सोडायला पायी नेतो. पदपथावर गाड्या लावलेल्या, म्हणून मधूनमधून खाली उतरावे लागते. तो म्हणतो, "आजोबा, हात सोडा, मला येतं." मी सोडत नाही. तेरा सक सांगायला लावतो.